चौकट चुकली की तोंड चुकलं

आमचे अण्णा पेंटर. चित्रकार म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, "चित्रकार उपाशी मरतोय, पेंटरला निदान चहा तरी मिळतोय" म्हणायचे. एसटी स्टँडसमोर पत्र्याचं शेड, आत टर्पेंटाइनचा वास, कोपऱ्यात साय धरलेले ऑइलपेंटचे डबे. दुकानांचे बोर्ड, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकच्या पाठीवरचा गरुड, आणि निवडणूक लागली की सहा बाय चारच्या पत्र्यावर पुढाऱ्यांची तोंडं. पासपोर्ट साइझचा फोटो यायचा, त्यावर अण्णा टोकदार पेन्सिलीनं बारीक चौकटी पाडायचे, मग बोर्डावर तेवढ्याच चौकटी पण मोठ्या, आणि एकेक चौकट बघत बघत तोंड खाली उतरवायचं. "चौकट चुकली की तोंड चुकलं" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लांब रेघा मारायला लाइनदोरी. दोरी कावेत घोळवायची, एक टोक अण्णांच्या हातात, दुसरं माझ्या, "धर घट्ट, हलायचं न्हाई", आणि मधनं चिमटीनं उचलून सोडली की टप्पकन लाल रेघ. या धंद्यातलं माझं करिअर तेवढंच, दोरीचं दुसरं टोक.

हे सगळं आठवायचं कारण होरेमहेब.

इजिप्तमध्ये लक्झरच्या पश्चिमेला राजांचं खोरं आहे तिथं त्याचं थडगं आहे. अठराव्या राजवंशातला शेवटचा राजा, मूळचा सेनापती, गादीवर बसला तरी घराण्यातला नव्हे. थडगं भलतंच खोल, पायऱ्या उतरता उतरता गुडघे बोलायला लागतात, आमच्या टूरमधले निम्मे लोक "वर येताना काय करायचं" म्हणून अर्ध्यातनंच परत फिरले. शेवटी एक मोठी खोली, मधे दगडी शवपेटी, आणि भिंती अर्धवट. म्हणजे राजा गेला आणि काम जिथल्या तिथं थांबलं. एका ठिकाणी नुसतं तांबड्या रेघांनी काढलेलं कच्चं चित्र, त्यावर दुसऱ्या हातानं काळ्या शाईत केलेल्या दुरुस्त्या, पुढं छिन्नी लागायला सुरुवात झालेली, आणखी पुढं उठाव आलेला. सगळ्या पायऱ्या एकाच खोलीत, जणू कोणी शिकवायलाच ठेवल्यात. तांबडी रेघ शिकाऊची आणि काळी उस्तादाची असणार. एका देवाचा दंड जरा खाली आलेला, काळ्या रेघेनं तो वर उचललाय. मी तिथं उभा राहून येड्यासारखा हसलो. अण्णा असंच करायचे, पोरानं काढलेल्यावर काही न बोलता दुसऱ्या रंगानं रेघ मारायची आणि बिडी पेटवायची.

आता चौकटींचं. मला वाटायचं हे चौकटी पाडणं म्हणजे आपल्या सिनेमा-बॅनरवाल्यांची युक्ती, पण ह्यांच्याकडं चार हजार वर्षांपूर्वी चालायची. उभ्या माणसाच्या तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेघेपर्यंत बरोबर १८ चौकटी. गुडघा सहाव्या रेघेवर, कोपर बाराव्या, खांदे सोळाव्या. बसलेला माणूस १४ चौकटींचा. त्याच्याही आधी, पिरॅमिडच्या काळात, पूर्ण जाळी नसायची, अंगाच्या ठराविक जागांवर आडव्या रेघा असायच्या. पार सव्विसाव्या राजवंशाच्या सुमाराला हिशोब बदलून २१ चौकटींचा झाला. आणि रेघा कशा मारायच्या? दोरी तांबड्या रंगात बुडवून, ताणून, सोडून. कुणीतरी दुसरं टोक धरलं असणारच ना. त्या पोराचं नाव काय होतं कुणास ठाऊक.

लोक म्हणतात इजिप्तची सगळी चित्रं एकसारखी. असणारच, चौकटीच तशा. तोंड बाजूनं, पण डोळा समोरून, खांदे समोरून, कंबर परत बाजूनं. पाय बघा कधी नीट, दोन्ही पायांचा अंगठाच दिसतो आपल्याला, म्हणजे माणसाला दोन्ही पाय एकाच बाजूचे. आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी अशा पायांबद्दल पट्टी हाणली असती. पण त्यांना येत नव्हतं असं नाही. मागं उभ्या असलेल्या नोकराचं, गवतातनं उडणाऱ्या बदकाचं, माशांच्या जाळ्याचं काम बघितलं की कळतं हात किती मोकळा होता. कैरोजवळच्या सक्कारात 'ती' नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे, पाचव्या राजवंशातली, तिथं गुरं नदी ओलांडतायत. एका गुराख्यानं वासरू पाठंगुळीला घेतलंय आणि ते वासरू मान वळवून मागं आईकडं बघत जीभ बाहेर काढून हंबरतंय. आई पण पुढं तोंड करून हंबरतीय. पाणी नुसत्या नागमोडी रेघांचं, आणि त्यातनं गुरांचे पाय दिसतात. मालक 'ती' मात्र दुसऱ्या भिंतीवर होडीत ताठ उभा, पाणघोड्याची शिकार चाललीय त्याच्यासमोर, आणि हा खांब पुरल्यासारखा. राजा आणि मालक ह्यांना हलायची परवानगी नाही. ते म्हातारे होत नाहीत, वाकत नाहीत, घाम येत नाही. हलायचं काम गुरांचं आणि गड्यांचं. पेंटरच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हे लगेच कळतं, आमदारसाहेबांचा एक केस इकडचा तिकडं झालेला चालत नाही, पण खाली कोपऱ्यात बैलजोडी काढायची असली की अण्णा तासभर रमायचे.

रंगांचीही गंमत आहे. काव, पिवडी, काजळी, जिप्समचा पांढरा, ही तर आपलीच नावं. निळा मात्र ते भट्टीत करायचे, वाळू, चुना आणि तांबं एकत्र भाजून, माणसानं बनवलेल्या सगळ्यात जुन्या रंगांपैकी एक. आणि झगझगीत पिवळा हवा असला की हरताळ. हो, तीच, आपण 'तत्त्वांना हरताळ फासला' म्हणतो ती, आर्सेनिकवाली विषारी. पोथी लिहिताना चूक झाली की अक्षरांवर हरताळ लावून ती पुसायचे आपल्याकडं, तिकडं त्याच हरताळेनं राजाचं सोनं रंगवायचे. आणि दुसरा हरताळ, संपाचा, तोही ह्याच लोकांनी केलाय! राजांच्या खोऱ्याच्या डोंगरापलीकडं देर अल-मदिना नावाचं कामगारांचं गाव होतं, थडगी खोदणारे, कोरणारे, रंगवणारे तिथं बायकापोरांसकट राहायचे. पगार धान्यात. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या आसपास, धान्य आलंच नाही वेळेवर, तेव्हा ही मंडळी हत्यारं खाली ठेवून निघाली आणि देवळामागं जाऊन बसली. भूक लागलीय, तहान लागलीय, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा, असं त्यांचं म्हणणं लेखनिकानं लिहून ठेवलंय. कामगारांच्या संपाची सगळ्यात जुनी लेखी नोंद म्हणून हीच सांगतात. अण्णांना ही गोष्ट सांगायला पाहिजे होती, एका साखर कारखान्यानं त्यांचे कंपाउंडच्या अख्ख्या भिंतीचे पैसे दोन वर्षं लटकवले होते, ते देवळामागं बसले नाहीत, रोज सायकल घेऊन अकाउंट सेक्शनला जाऊन बसायचे.

ह्याच गावाची हजेरीही सापडलीय, चुनखडीच्या मोठ्या चिपेवर लिहिलेली, दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षाची, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोण कधी आला नाही आणि का. कुणी आजारी, कुणाला विंचू चावला, कुणी आईच्या मयताची तयारी करतोय, कुणी बियर गाळतोय, कुणाच्या बायकोची किंवा मुलीची पाळी आलीय. कारणं तांबड्या शाईत. बियर गाळणं हे रजेचं अधिकृत कारण बघून आमच्या ग्रुपमधल्या काकांना फार बरं वाटलं.

हेच लोक सुट्टीत स्वतःची थडगी सजवायचे. सेन्नेजेम नावाच्या एका कामगाराचं थडगं १८८६ साली सापडलं, जसंच्या तसं, घरातल्या वीसेक जणांसकट. वाकून आत गेलं की एवढीशी खोली, आपल्या स्वयंपाकघरापेक्षा फार मोठी नसेल, कमानीचं छत, आणि सगळीकडं पिवळी जमीन. जमीन म्हणजे बॅकग्राउंड हो, पेंटर लोक जमीनच म्हणतात. मेल्यानंतरचं शेत काढलंय एका भिंतीवर. सेन्नेजेम नांगर धरून चाललाय, ठिपक्याठिपक्याची बैलजोडी, मागं बायको बी पेरत येतीय. दोघांच्या अंगावर पांढरेशुभ्र झिरझिरीत कपडे! नांगरट चाललीय आणि चिखलाचा थेंब नाही. पीक कमरेच्या वर. आयुष्यभर दुसऱ्याचं थडगं खोदत दगडाची धूळ खाल्लेल्या माणसाला वाटलं असेल निदान तिथं तरी कपडे स्वच्छ राहू देत.

मूर्तींबद्दल सांगायचं तर आधी कैरोला जायला पाहिजे, तहरीर चौकातल्या जुन्या गुलाबी म्युझियममध्ये. तिथं खाफ्रे बसलाय, गिझाचा दुसरा पिरॅमिड ज्याचा तो. काळपट हिरव्या, पट्टेरी दगडाचा, आणि तो दगड शेकडो किलोमीटरवरच्या नूबियाच्या वाळवंटातनं आणलेला. इतका कडक की तांब्याच्या छिन्नीनं काही होत नाही, दगडानं दगड ठेचायचा आणि वाळूनं घासत बसायचं. समोरून बघितलं तर नुसता राजा. बाजूला सरकलो तर डोक्यामागं ससाण्याच्या रूपातला होरस देव, पंख पसरून राजाचं डोकं कवेत घेतलेला. समोरून अजिबात दिसत नाही! आमचा गाईड हे दाखवायला लोकांना गोल फिरवत होता आणि मला वाटलं, की बाबा, समोरच्याला दिसणार नाही अशी वस्तू एवढ्या कष्टानं का करायची? बोर्ड तर समोरच्यासाठीच असतो.

ह्याचं उत्तर सक्कारात मिळालं. जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडला उत्तरेकडून एक बंद दगडी खोली चिकटलीय, त्याला सर्दाब म्हणतात. फारसीवरनं आलेला शब्द, गारव्याचं तळघर असा काहीतरी अर्थ, आपल्या 'सर्द'मधला तोच सर्द. दार नाही, खिडकी नाही, भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर दोन भोकं फक्त. आत राजाची मूर्ती. मूळची १९२४-२५ च्या खोदकामात निघाली, ती कैरोला नेली, आता आत नक्कल आहे. भोकाला डोळा लावला तर अंधारात एक तोंड तुमच्याकडंच बघत असतं, चर्रर्र झालं मला. म्हणजे ती भोकं आपल्याला बघायला नाहीतच. त्याला बाहेर बघता यावं, धूप आत यावा, म्हणून आहेत. मूर्ती करायची, तिचं तोंड उघडायचा विधी करायचा, म्हणजे तिला खाता येतं, श्वास घेता येतो, ऐकू येतं, आणि मग कोंडून टाकायची. प्राणप्रतिष्ठा माहीत असलेल्याला फार समजावून सांगावं लागत नाही. फक्त आपण नंतर दर्शनाची रांग लावतो. मूर्तिकाराला त्यांच्या भाषेत जो शब्द होता त्याचा अर्थच 'जिवंत करणारा' असा. म्हणून मूर्तींची नाकं फोडलेली दिसतात, श्वास बंद करायचा तर नाक फोडायचं. काही आपोआप पडून फुटली असतील, सगळ्यालाच कट समजायचं कारण नाही.

साध्या माणसांच्या मूर्ती मला राजापेक्षा आवडल्या, खरं सांगतो. का-अपेर नावाचा एक पुजारी, लाकडाचा, पोट सुटलेलं, गोल तोंड, हातात काठी, डोळे स्फटिकाचे आणि भोवती तांब्याची कड. १८६०मध्ये मारिएत नावाच्या फ्रेंच संशोधकाच्या खोदकामात तो वर आला तेव्हा मजूर ओरडले की हा तर आमच्या गावचा पाटील! तेव्हापासून त्याचं नाव 'शेख अल-बलद'च पडलं, म्हणजे गावचा पाटीलच. मी समोर उभा राहिलो तर मलाही तो ओळखीचा वाटला, आमच्याकडं पतसंस्थेचे चेअरमन असायचे अगदी असे. हात वेगळे करून खांद्याला जोडलेत. वर गिलावा आणि रंग होता, तो गेला, लाकूड राहिलं.

आणि सेनेब. हा ठेंगणा होता, दरबारात मोठ्या हुद्द्याचा. शेजारी बायको, तिनं त्याच्या पाठीवरनं हात टाकलाय. तो मांडी घालून बसलाय, आणि त्याच्या खाली, जिथं दुसऱ्या कुणाचे पाय लोंबले असते तिथं, त्याची दोन लहान पोरं उभी केलीत. काय जागा भरलीय! न लपवता, न हिणवता. मी त्या मूर्तीपाशी इतका वेळ थांबलो की टूर मॅनेजर पोरगी दोनदा बोलवायला आली, "काका, पपायरसच्या दुकानात जायचंय ना". नव्हतं जायचं.

मूर्ती म्हणजे तोंड नव्हे, नाव. ज्याचं नाव कोरलंय त्याची ती मूर्ती. त्यामुळं नंतरच्या राजांनी सोपा उद्योग केला, जुन्या राजाची मूर्ती घ्यायची आणि नाव खोडून आपलं टाकायचं, कधी तोंडालाही थोडी छिन्नी लावायची. दुसरा रामसेस ह्यात पटाईत. मला हे वाचून फार घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडं एका निवडणुकीचा पत्रा पुढच्या निवडणुकीला परत यायचा, पांढरं नेहरू शर्ट, हात जोडलेले, खाली फेटेवाल्यांची गर्दी, सगळं तेच ठेवायचं, नुसतं मुंडकं आणि नाव बदलायचं. "अंग कुणाचं का असंना, शर्ट पांढराच आसतोय," इति अण्णा.

रामोसेच्या कबरीत मात्र मी गप्प झालो. हा वजीर होता, एका राजाच्या शेवटाला आणि पुढच्याच्या सुरुवातीला, इ.स.पू. १३५० च्या सुमाराचा. त्याच्या पाहुण्यारावळ्यांची उठावातली चित्रं आहेत, चुनखडीत इतकी नाजूक कोरलेली की टोपाच्या बटांची प्रत्येक वळी मोजता येते, बायकांच्या गळ्यातल्या माळा, कपड्याच्या चुण्या. रंग लावायचा राहून गेला. सगळी भिंत पांढरी आणि फक्त डोळे काळ्यानं आखलेले. नुसते डोळेच! आपल्याकडं गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी असते, ह्यांनी आधी करून टाकली. पलीकडच्या भिंतीवर राजा आधी जुन्या पद्धतीत बसलाय आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला तोच राजा, अखेनातन, लांब तोंडाचा, सुटलेल्या पोटाचा, बायकोबरोबर खिडकीत. मधे काही वर्षांतच फर्मान आलं असणार की आता असं काढायचं. त्याच बाजूला काही माणसं नुसती शाईत आहेत, छिन्नी पोचलीच नाही. राजधानी हलली, वजीर गेला, कामगार गेले. माझ्या डोळ्यांसमोर आमचं शेड आलं. २००० नंतर फ्लेक्स आले, एका तासात प्रिंट, तोंड हुबेहूब, आणि अण्णांचा शेवटचा बोर्ड, एका कापड दुकानाचा, तसाच भिंतीला टेकून राहिला, 'साड्या व ड्रेस मटे' एवढंच लिहून. पुढचं 'रियल' नुसतं खडूनं आखलेलं. दुकानदारानं फोन करून सांगितलं, अण्णा राहू द्या.

पॅरिसच्या लूव्हर म्युझियममध्ये इर्तिसेन नावाच्या कारागिराचा एक शिलालेख आहे, मी तो फोटोतच पाहिलाय. दुसऱ्या मेन्तुहोतेप राजाच्या काळातला, चार हजार वर्षांपूर्वीचा. हा बाबा स्वतःची जाहिरातच करतो. मला पुरुषाच्या मूर्तीची चाल येते, बाई कशी येते ते येतं, पाणघोड्याला भाला मारणाऱ्याचा हात किती उचलायचा ते येतं, पळणारा कसा पळतो ते येतं, आगीत न जळणारे आणि पाण्यानं न धुतले जाणारे रंग मला करता येतात. आणि मग म्हणतो, हे कुणालाच माहीत नाही, एक मी आणि माझा थोरला मुलगा सोडून.

थोरला मुलगा मी पण आहे. बँकेत लागलो. अण्णांनी कधी ये म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. फ्लॅट ब्रशनं एका झटक्यात 'श्री'ची वेलांटी कशी मारायची, मनगट कुठं टेकायचं, इनॅमलमध्ये टर्पेंटाइन किती घालायचं म्हणजे ओघळत नाही, ते त्यांच्याबरोबर गेलं.

एक गोष्ट शिकलो होतो ती म्हणजे सही. बोर्ड पूर्ण झाला की खाली उजव्या कोपऱ्यात, तिरकं, बारीक, आमचं आडनाव. पण त्याच्या आधी चहा. गिऱ्हाइकानं चहा पाजल्याशिवाय अण्णा सही करत नसत, खारी असली तर उत्तम. सही म्हणजे काम संपलं, काम संपलं की गिऱ्हाईक कुठला चहा पाजतोय.

इजिप्तमध्ये मी सगळीकडं तो कोपरा शोधत होतो. नाहीच. एवढ्या भिंती, एवढे दगड, आणि सही नाही. जोसेरच्या एका मूर्तीच्या बैठकीवर इम्होतेपचं नाव आहे, पण तो राजाचा सगळ्यात मोठा कारभारी, त्याला कोण अडवणार. कारागीर मात्र गप्प.

शेवटच्या दिवशी सक्कारातच प्ताहहोतेपच्या कबरीत गेलो, ही पण पाचव्या राजवंशातली, इ.स.पू. २४०० च्या आसपासची. ग्रुप उंटांकडं गेला होता. रखवालदार एकटाच, त्यानं पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवलेला होता, दारातलं ऊन त्यावर घेऊन आत भिंतीवर टाकत होता आणि दर दोन मिनिटांनी "बक्षीश" म्हणत होता, शब्द तोच असल्यामुळं भाषेची अडचण आली नाही. उन्हाचा तुकडा भिंतीवरनं सरकत गेला. बैल, बगळे, द्राक्षं तुडवणारी माणसं, कुस्ती खेळणारी पोरं. मग खाली होड्या. होडीवाले लांब काठ्या घेऊन एकमेकांना पाण्यात पाडायला बघतायत, दंगा नुसता. आणि त्या दंग्याच्या शेजारी एक होडी शांत. तिच्यात एक माणूस आरामात बसलाय, भोवती खायच्या टोपल्या, समोर एक पोरगा त्याच्या तोंडाला भांडं लावतोय. वर अक्षरं आहेत. मी आधी वाचून गेलो होतो म्हणून कळलं. नि-आंख-प्ताह, मूर्तिकारांचा मुकादम.

काम करणाऱ्यांच्या अख्ख्या भिंतीत हा एकटा काही करत नाहीये. पितोय. मी रखवालदाराला हातानं थांब म्हटलं, त्यानं पुठ्ठा तसाच धरून ठेवला, हात थोडा थरथरत होता त्यामुळं ऊनही हलत होतं. साडेचार हजार वर्षं होत आली, भांडं अजून तोंडालाच आहे.